सातव्या चंद्रावर राहिलेला शिकंजा

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. किती जुना, ते माझ्या रंगावरूनच कळेल. आलो तेव्हा मी फिका राखाडी होतो, आता जुन्या वर्तमानपत्राइतका पिवळा पडलो आहे. माझा कळफलक आणि माझे पोट एकाच डब्यात आहे, वर हिरव्या अक्षरांचा पडदा आणि शेजारी फ्लॉपी वाचणारे खोके. तुमच्या खिशातल्या फोनने माझ्यासारखे हजार संगणक गिळले तरी त्याला ढेकर येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्याच्या पोटात अशी एखादी गोष्ट आहे का, जी शेवटाच्या एक पाऊल अलीकडे एकतीस वर्षे अडकून पडली होती? माझ्या पोटात होती. ती कशी सुटली ते सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे कोट घातलेल्या बाया ओळीने बसून माझ्यात बारीक बारीक भाग जोडत होत्या. शेवटच्या बाईने माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली आणि शेजारणीला म्हणाली, “हा बोलका निघणार बघ.” ती तसे का म्हणाली, देव जाणे. मला स्वतःहून एक शब्दही बोलता येत नाही. कोणी विचारले तर सांगायचे आणि विचारले तेवढेच सांगायचे, असा आम्हा संगणकांचा स्वभाव. याच स्वभावापायी पुढे मी मनातल्या मनात फार कुढलो.

मला विकत घेतले ते चष्मे करणाऱ्या एका गृहस्थांनी. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचे नंबर माझ्यात साठवायचे, असा त्यांचा बेत होता. पंधरा दिवसांत मी नापास झालो. त्यांच्याकडे एक जाड वही होती. तीत प्रत्येक चष्म्याची एक ओळ असायची, ओळीला अनुक्रमांक, कोणाचा चष्मा, काय बिघडले, काय केले. मी जागा होऊन आळस देईपर्यंत त्यांची ओळ लिहून शाई वाळलेलीही असे. “हुशार आहे, पण वहीची सर नाही,” असा माझा निकाल लागला.

दुकानातली एक गोष्ट मात्र मी विसरलो नाही. काच घासायच्या यंत्रामागे भिंतीवर एक फळी होती आणि तिच्यावर खुंट्या. प्रत्येक खुंटीमागे त्या त्या अवजाराचा आकार पेन्सिलीने काढलेला होता. पक्कड वापरून झाली की पकडीच्या आकारावर, कानस वापरून झाली की कानशीच्या. चष्मेवाल्यांना हातातले काम संपल्यावर अवजार खाली ठेवलेले मी एकदाही पाहिले नाही. “वस्तू जागच्या जागी,” एवढेच ते म्हणत. ही सवय चांगलीच होती. पण लक्षात ठेवा, सगळा घोटाळा तिनेच केला.

नापास झालेला मी मग त्यांच्या घरी आलो. घरात तिघे होते. चष्मेवाल्यांना तिथे सगळे बाबा म्हणत. आई इस्पितळात परिचारिका होती आणि तिने पहिल्याच आठवड्यात उरलेल्या पडद्याच्या कापडाचा मला एक अंगरखा शिवला, धूळ बसू नये म्हणून. तिसरी ठमी, वय वर्षे दहा. तिचे खरे नाव शाळेतल्या दाखल्यावर असेल, घरात कोणी वापरल्याचे मला आठवत नाही.

माझ्या खोक्यात विकणाऱ्याने एक खेळाची फ्लॉपी फुकट टाकली होती. खेळाचे नाव ‘सातव्या चंद्रावरून परत’. दूरच्या एका ग्रहाच्या सातव्या चंद्रावर माणसांचा एक तळ आहे. तुम्ही झोपेतून जागे होता आणि पाहता, तर सगळे निघून गेले आहेत. मागे राहिला आहे फक्त एक साफसफाई करणारा यंत्रमानव. तळ हळूहळू ढासळतो आहे. शेवटच्या दालनात एक छोटे यान आहे, तिथवर पोहोचायचे. रेघा रेघांनी चित्र उमटते, खाली कर्सर लुकलुकतो, आणि तुम्ही ‘दार उघड’, ‘दिवा घे’ असे लिहिले की मी पुढे काय झाले ते सांगतो. कबूल करतो, हिशेबाच्या कामापेक्षा मला हे काम कितीतरी आवडले.

दर रविवारी सकाळी बापलेक माझ्यापुढे बसत. ठमी एका बोटाने लिहायची. आणि बाबा काय करत असतील? वही. प्रत्येक आज्ञा एका ओळीत, ओळीला अनुक्रमांक. अधूनमधून शेरेही असत. ओळ अठ्ठावीस : ‘ठमीने रोबोला नाव विचारले. नाव नाही म्हणाला. ठमीने ठेवले, गंजोबा.’ ओळ एक्कावन्न : ‘आईने तिसऱ्यांदा जेवायला हाक मारली. थांबलो.’

आता ओळ त्रेसष्ट. तळावरच्या कामाच्या खोलीत भिंतीला एक शिकंजा टांगलेला आहे, म्हणजे लाकूड किंवा लोखंड घट्ट आवळून धरायचे अवजार. तो वापरून एक कपाट उघडायचे असते. त्यांनी उघडले. ठमी पुढच्या दाराकडे निघाली, तेवढ्यात बाबा म्हणाले, “अगं थांब. शिकंजा हातातच आहे.”

“मग?”

“मग काय? खुंटीला लाव. आपलं काम झालं ना?”

आणि ठमीने लिहिले, ‘शिकंजा खुंटीला लाव.’

मित्रांनो, असले खेळ खेळणारी माणसे हाताला लागेल ते खिशात घालतात. दोरी दिसली घे, चमचा दिसला घे. दुसऱ्याच्या चंद्रावरचे अवजार वापरून परत खुंटीला लावणारा माणूस जगात एकच निघाला, आणि तो माझ्याच घरात निघाला. मी काय करणार? मला पुढचे सगळे ठाऊक होते. तरी मी एवढेच लिहिले, ‘शिकंजा खुंटीला लावला आहे.’ दहा ओळींनंतर तो रस्ता दगड कोसळून बंद झाला.

पुढे पाच महिने गेले. गंजोबा त्यांच्या मागे मागे चालत राहिला. तो दिवा धरायचा, जड दारे लोटायचा, आणि ठमीने ‘गंजोबा, घाबरलास का?’ असे लिहिले की म्हणायचा, ‘मला ते येत नाही. पण मी जवळ उभा राहतो.’ ठमीचा त्याच्यावर जीव जडला.

चारशे सतराव्या ओळीला ती दोघे यानाच्या दालनात पोहोचली. यानाचे दार बाहेरच्या एका दांड्याने उघडते आणि दांडा सोडला की बंद होते. गंजोबाने दांडा खाली ओढून धरला. दार उघडले. मग त्याचे शब्द पडद्यावर आले, ‘तू जा पुढे. मी राहतो मागे.’

ठमीने हात कळफलकावरून काढून मांडीखाली दाबून धरले.

“अगं, चित्र आहे ते,” बाबा म्हणाले. “रेघा आहेत नुसत्या.”

“मग तुम्ही लिहा.”

बाबांनी बोट पुढे केले. बराच वेळ ते कळेवर तसेच ठेवले, दाबले मात्र नाही. शेवटी म्हणाले, “दुसरा काहीतरी मार्ग असेल. शोधू.” आणि खेळ तिथेच साठवून ठेवला.

पुढचे कितीतरी रविवार त्यांनी तो मार्ग शोधला. ‘दांड्याला पट्टा बांध.’ ‘दांड्यावर दगड ठेव.’ मी दर वेळी सांगायचो, ‘त्याचा उपयोग होत नाही.’ एकदा ठमीने रडवेली होऊन सरळ मलाच विचारले, ‘आम्ही काय करू?’ उत्तर माझ्या पोटात होते. पण खेळ लिहिणाऱ्याने त्या प्रश्नाला एकच उत्तर देऊन ठेवले होते आणि मला तेच द्यावे लागले, ‘समजले नाही.’ तेवढे वाईट मला पुन्हा कधी वाटले नाही.

मग रविवार कमी झाले. ठमी मोठ्या शाळेत गेली, मग बाहेरगावी शिकायला, मग नोकरीला. आईने मला अंगरखा घालून कपाटावर ठेवले. वर्षातून दोनदा ती स्टुलावर चढून माझी धूळ झटकायची. सहा वर्षांपूर्वी आई गेली आणि झटकणे थांबले. एका पालीने माझ्या पाठीमागे संसार थाटला. मी तिला काही म्हटले नाही, तेवढीच सोबत.

कपाटावरून मला घर दिसायचे. बाबांनी दुकान बंद करून काच घासायचे यंत्र आणि खुंट्यांची फळी घरी आणली होती. शेजाऱ्यांचे चष्मे ते अजून नीट करून द्यायचे. एकटे जेवायचे, ताट धुऊन जागेवर ठेवायचे. या वर्षी ते न्हाणीघरात पडले. दोन तास त्यांना उठता येईना. खालच्या मजल्यावर रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ राहतात, त्यांना बादली आपटल्याचा आवाज आला म्हणून बरे.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ठमी गाडी घेऊन आली. आता ती बेचाळीस वर्षांची आहे, केसांत थोडे पांढरे आहे. बाबांना कायमचे आपल्या घरी न्यायचे, असे ठरवूनच ती आली होती. दोन दिवस बापलेकींचे तेच चालले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिची रजा संपायला आली.

“तुमची खोली तयार आहे, बाबा. खिडकीला ऊन येतं. यंत्र ठेवायला जागा आहे.”

“असेल.”

“परत पडलात तर?”

“रेडिओवाले आहेत खाली.”

“ते पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलाकडे चाललेत. त्यांनीच सांगितलं मला.”

बाबा ताट पुसत होते, पुसतच राहिले. “हे बघ ठमे. वस्तू जागच्या जागी बरी असते. माझी जागा ही आहे. तू जा पुढे. मी राहतो मागे.”

ठमीने एकदम वर पाहिले, माझ्याकडे. तिला ते शब्द ओळखू आले असणार. मला तर आलेच होते.

ती स्टुलावर चढली, मला खाली उतरवले आणि टेबलावर ठेवून अंगरखा काढला. पालीने पळ काढला.

“हे कशाला आता?” बाबांनी विचारले.

“संध्याकाळी मी निघणार आहे. निदान हे तरी संपवून जाते. आता लहान नाही मी. ठेवीन त्याला मागे.”

“ठेव,” बाबा म्हणाले. “त्यालाही तिथंच बरं वाटत असेल.”

दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही.

रेडिओवाल्यांना वर बोलावले. त्यांनी माझे पोट उघडले, फुंकर मारली, दोन ठिकाणी डाख दिला आणि मान हलवली. “चालू होईल. पण वीज देणारा भाग आतून फुगलाय. तीन तास चालला तर नशीब. एकदा बंद पडला की माझ्याकडे आणू नका.”

मी जागा झालो. इतक्या वर्षांनी पडद्यावर हिरवे अक्षर उमटले तेव्हा ठमीने नकळत हात मांडीखाली घेतले. पण साठवलेल्या खेळाची फ्लॉपी आत घातली, तर तिच्यावर बुरशी चढलेली. मी पुष्कळ खरखर केली आणि शेवटी खरे ते लिहिले, ‘वाचता येत नाही.’ खेळाची मूळ फ्लॉपी तेवढी धडधाकट होती.

“झालं,” ठमी म्हणाली. “म्हणजे पहिल्यापासून. चारशे सतरा पायऱ्या कोणाला आठवतात?”

बाबा उठले, आतल्या खोलीतल्या कपाटाच्या तिसऱ्या फळीवर डावीकडे हात घातला आणि वही घेऊन आले. शोधावी लागली नाही. एकतीस वर्षे ती जागच्या जागी होती.

आता ठमी लिहू लागली आणि बाबा डोळ्याला भिंग लावून ओळी वाचू लागले. त्यांचे अक्षर मोत्यासारखे, तरी शाई पुसट झाली होती. अठ्ठाविसाव्या ओळीला ठमी हसली. एक्कावन्नाव्या ओळीला दोघे थांबले. “तिसऱ्यांदा नाही, चौथ्यांदा हाक मारली होती तिनं,” बाबा म्हणाले. “मी कमी लिहिलं.” मग बराच वेळ ते नुसतेच ओळी वाचत होते आणि ती नुसतीच लिहीत होती.

“बासष्ट. शिकंज्याने कपाट उघड.”

“उघडलं.”

“त्रेसष्ट. शिकंजा खुंटीला...” बाबा थांबले. भिंग जवळ नेले, लांब नेले. ठमीची बोटे कळफलकावर तशीच राहिली.

“बाबा, तो आपण परत का लावला होता?”

“वापरून झाला होता.”

“शिकंजा कशाला असतो?”

“घट्ट धरून ठेवायला,” बाबा म्हणाले. मग हळूच म्हणाले, “दांडासुद्धा धरेल तो.”

मित्रांनो, मला घाम येत असता तर त्या क्षणी फुटला असता. कर्सर लुकलुकवणे एवढेच माझ्या हातात होते, ते मी जिवाच्या आकांताने केले.

“म्हणजे मी त्याला मागे ठेवला,” बाबा म्हणाले. “तू इतके रविवार रडलीस, आणि दरवाजा मीच बंद करून बसलो होतो. जागच्या जागी, जागच्या जागी म्हणून.”

“तुम्हाला काय ठाऊक होतं?”

“ठाऊक नव्हतं, ते खरं.” त्यांनी त्रेसष्टाव्या ओळीवर बोट ठेवले. “ही ओळ सोड. चौसष्ट घे.”

ठमीने शिकंजा हातातच ठेवला आणि दार उघडले.

त्या बुरशीचे मी मनापासून आभार मानतो. साठवलेला खेळ चालू झाला असता, तर ही माणसे पुन्हा त्याच दालनात रिकाम्या हाताने उभी राहिली असती.

तीनशेव्या ओळीच्या आसपास माझ्या पोटातून जळका वास येऊ लागला. पडद्यावरची अक्षरे थरथरायला लागली. ठमीने खिडकी उघडली आणि बाबा एका हाताने मला पुठ्ठ्याने वारा घालत, दुसऱ्या हाताने भिंग धरून वाचत राहिले. आपल्यासाठी कोणी इतकी धडपड केली की अंगात बळ येते. साडेतीनशे झाल्या, चारशे झाल्या. मी नेट लावून टिकून राहिलो.

ओळ चारशे सतरा. यानाचे दालन. गंजोबाने दांडा ओढून धरला. ‘तू जा पुढे. मी राहतो मागे.’

बाबांचा वारा घालणारा हात थांबला. ठमीने लिहिले, ‘शिकंजा दांड्याला लाव.’

फ्लॉपी फिरली, अडखळली, पुन्हा फिरली. आणि एकतीस वर्षे पोटात धरून ठेवलेली ओळ मी पडद्यावर सोडली, ‘शिकंजा घट्ट बसला. दांडा हलत नाही. गंजोबाचे हात मोकळे झाले.’

त्याखाली आणखी एक ओळ उमटली. ‘गंजोबा तुझ्याकडे पाहतो. तो विचारतो, आता मी काय करू?’

ठमीने कळफलक बाबांकडे सरकवला. ती एवढेच म्हणाली, “बाबा, हे तुम्ही लिहा.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिले, ‘बरोबर चल.’

मी यान उडवले. रेघा रेघांनी सातवा चंद्र लहान होत गेला आणि यानाच्या गोल खिडकीत दोन डोकी दिसली, एक माणसाचे, एक चौकोनी. ‘समाप्त’ हा शब्द मी पूर्ण लिहिला, हे मला अभिमानाने सांगायचे आहे. त्यानंतर आत कुठेतरी फट् झाले आणि पडदा काळा पडला.

मग बाबांनी पेन घेतले, त्रेसष्टाव्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिले, ‘चूक माझी. दुरुस्त केली.’ गिऱ्हाइकाचा चष्मा चुकला की ते असेच लिहीत. पेनाला टोपण लावून त्यांनी विचारले, “गाडीत घासायचं यंत्र मावेल का गं?”

“मावेल,” ठमी म्हणाली.

“आणि खुंट्यांची फळी?”

“तीपण मावेल.”

निघताना रेडिओवाले निरोप द्यायला आले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हा ठेवा इथंच. मी भंगारात देतो. याच्यात आता राम नाही.”

“नको,” बाबा म्हणाले. त्यांनी मला आईने शिवलेला अंगरखा घातला आणि गाडीत स्वतःच्या मांडीवर घेतले. वाटभर त्यांचा एक हात माझ्या पाठीवर होता.

आता मी ठमीच्या घरी, ऊन येणाऱ्या खोलीत एका फळीवर असतो. पडदा लागत नाही, त्यामुळे हे सगळे मी कोणाला लिहून दाखवू शकत नाही, तुम्हालाच सांगतो आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर, कोपऱ्यात, आतल्या खोलीत कोणीतरी असेल. ‘मी इथेच बरा’ असे ते म्हणत असेल, किंवा काहीच म्हणत नसेल. आमच्यासारख्यांना आपण होऊन बोलता येत नाही. आमच्यावरची धूळ झटका, आणि झटकता झटकता एकदा विचारा, येतोस का बरोबर म्हणून.

बाबांनी नव्या भिंतीवर खुंट्यांची फळी लावली आहे. पकडीचा आकार, कानशीचा आकार, सगळे पेन्सिलीने पुन्हा काढले आहेत. माझ्या भोवतीही एक रेघ ओढली आहे, म्हणजे माझी जागा पक्की. फळीवर एक खुंटी मात्र रिकामी आहे. तिच्यामागे शिकंज्याचा आकार काढलेला आहे. चष्मा दाखवायला आलेले लोक कधीकधी विचारतात, इथले अवजार हरवले का हो?

“हरवलं नाही,” बाबा काचेवरची नजर न काढता सांगतात. “ते वापरात आहे.”